टोपी हातात घ्या, मग होम्स वाचा

गेली तीन वर्षं रात्रीचं जेवण झालं की मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवते. काचबिंदूने त्यांची नजर गेली, कान मात्र तिखट आहेत. मोठ्याने वाचायची मला सवय आहेच. माझा जन्म प्रुफं तपासण्यात गेला, आणि आमच्याकडे पूर्वी एक जण मूळ प्रत वाचायचा, दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. या तीन वर्षांत शेरलॉक होम्सच्या छप्पन्न कथा आणि चार कादंबऱ्या झाल्या, काही कथा दोनदा झाल्या, विल्की कॉलिन्स झाला, डिकन्स अर्ध्यात अडकला आणि पुन्हा मार्गी लागला. भाचेमंडळी ऐकायला बसतात, मग हौसेने स्वतः वाचायला घेतात आणि आठवड्याभरात पुस्तक परत आणून देतात. ‘मावशी, फार जुनं वाटतं गं.’ मी विचारते, कुठून सुरुवात केलीस? उत्तर दर वेळी एकच, ‘पहिल्या पुस्तकापासून.’

तिथेच चुकतं. पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ 1887 च्या एका नाताळ वार्षिकात आली. सुरुवात झकास आहे, लंडनमधल्या रिकाम्या घरात प्रेत, भिंतीवर रक्ताने लिहिलेला शब्द. आरोपी पकडला जातो आणि दुसरा भाग उघडला की आपण थेट अमेरिकेतल्या वाळवंटात! पाच प्रकरणं होम्सचं नावही नाही. मी ती कादंबरी वाचनालयातून आणली होती. अण्णांनी हातात घेऊन पानांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘निम्म्यापर्यंत कागद मऊ पडलाय, पुढचा करकरीत आहे. लोक इथे सोडतात.’ उघडून पाहिलं तर खरोखरच दुसऱ्या भागाची सुरुवात. तेव्हा क्रमाचा हट्ट सोडा. ही कादंबरी पाचव्या-सहाव्या वाचनाला घ्या, तोवर होम्सवर इतका जीव जडलेला असेल की ते वाळवंटही पार कराल.

सुरुवात करायची ती ‘रेड-हेडेड लीग’ या कथेपासून. त्यानंतर ‘ब्लू कार्बंकल’, मग ‘सिल्व्हर ब्लेझ’, मग ‘स्पेकल्ड बँड’. हा माझा क्रम. स्वतः आर्थर कॉनन डॉयल यांनी 1927 मध्ये आपल्या आवडत्या बारा कथांची यादी दिली तेव्हा ‘स्पेकल्ड बँड’ला पहिला नंबर दिला आणि ‘रेड-हेडेड लीग’ला दुसरा. ‘ब्लू कार्बंकल’ त्या यादीत नाही. लेखकाला स्वतःचं चांगलं काय ते नेहमी कळतंच असं नाही.

एका बैठकीला एकच कथा

हा नियम मी मोडून पाहिलाय. एका पावसाळी रात्री उत्साहात सलग तीन वाचल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या डोक्यात पेढीवाला, बदक आणि घोडा यांचा काला झाला होता. दोष त्यांचा नाही. या कथा महिन्याला एक अशा हिशेबाने लिहिल्या गेल्या आहेत.

‘स्ट्रँड’ मासिक जानेवारी 1891 मध्ये निघालं, किंमत सहा पेन्स. त्या काळी मासिकांत क्रमशः कादंबऱ्या चालत. एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटायचा आणि तो पुढचा अंकही घेत नसे. उलट सुट्या कथा छापल्या तर पुढच्या अंकासाठी थांबायला कारण नाही. डॉयल यांनी यातून वाट काढली. नायक तोच, पण प्रत्येक कथा स्वतंत्र, त्याच अंकात सुरू आणि त्याच अंकात पुरी. जुलै 1891 मध्ये ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ आली आणि ही युक्ती लागू पडली. आज दूरदर्शनवर दर आठवड्याला नवं प्रकरण आणि तोच इन्स्पेक्टर असतो, त्याचा साचा हाच. या कथा टिकल्या त्यात होम्सच्या बुद्धीचा वाटा आहेच, पण माझ्या मते निम्मं श्रेय या सोयीला आहे. कुठूनही उचला, कुठेही ठेवा, पुढच्या खेपेला बेकर स्ट्रीटवर होम्सच्या घरी शेकोटी पेटलेली असते, त्याचा मित्र आणि या कथा सांगणारा डॉक्टर वॉटसन पेपर वाचत असतो आणि जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजतात.

म्हणून आठवड्याला एक. फार तर दोन. आणि एका बैठकीत पुरी.

अशिलाचं बोलणं पेन्सिल घेऊन वाचा

जवळजवळ प्रत्येक कथेत सुरुवातीच्या पाच-सहा पानांत कुणीतरी खुर्चीत बसून आपली कहाणी सांगतं. नवा वाचक इथे घाई करतो, कारण ‘खरी गंमत’ नंतर होम्स बाहेर पडला की सुरू होणार असं त्याला वाटतं. खरं तर सगळा ऐवज इथेच आहे. मी अण्णांना वाचताना हा भाग सर्वांत सावकाश वाचते.

‘रेड-हेडेड लीग’मधला जेबेझ विल्सन घ्या. लाल केसांचा, जाडजूड, गहाणवटीची पेढी चालवणारा. त्याला केवळ केस लाल आहेत म्हणून नोकरी मिळते. रोज दहा ते दोन एका कचेरीत बसायचं, जागा सोडायची नाही, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका उतरवून काढायचा. आठवड्याला चार पौंड. आठ आठवड्यांनी दारावर पाटी, की संस्था बरखास्त. आता पेन्सिल घ्या आणि त्याच्या बोलण्यातल्या तीनच गोष्टींखाली रेघ ओढा. पेढीवरचा नोकर अर्ध्या पगारावर खुशीने आलाय. त्याला फोटोग्राफीचं वेड आहे आणि तो सारखा तळघरात उतरतो. आणि नोकरीची एकमेव कडक अट काय, तर या चार तासांत जागेवरून हलायचं नाही. रेघा ओढून झाल्या की पुस्तक मिटा आणि दोन मिनिटं विचार करा. विल्सनला नोकरी दिल्याने त्याला काय मिळालं हे सोडून द्या. तो दहा ते दोन पेढीवर नसल्याने कुणाला काय मिळालं?

अण्णांनी पाचव्या मिनिटाला ओळखलं. मला तरुणपणी पहिल्यांदा वाचताना शेवटपर्यंत कळलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

पैशाचं गणित जाता जाता करून ठेवा, वाचनात मजा येते. एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगाचे बारा पेन्स. म्हणजे विल्सनच्या आठवड्याच्या चार पौंडांत ‘स्ट्रँड’चे 160 अंक आले असते. आठ आठवड्यांचे झाले 32 पौंड. आणि डॉयल यांना ‘अ स्टडी इन स्कार्लेट’च्या सगळ्या हक्कांसकट प्रकाशकाने मोजले 25 पौंड. कोश उतरवणाऱ्याने कादंबरी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कमावलं! डॉयल यांनी तो आकडा मुद्दाम योजला असेल का, मला नेहमी वाटतं. पुरावा काही नाही.

आता टोपी

या सगळ्या कथांतला एकच प्रसंग वाचायला वेळ असेल, तर ‘ब्लू कार्बंकल’ची पहिली चार पानं वाचा. जानेवारी 1892 ची कथा. नाताळ नुकताच झालाय, खुर्चीच्या पाठीला एक काळी, कडक, गोल टोपी टांगलीय. रस्त्यावरच्या मारामारीत कुणाची तरी पडलेली, तिच्याबरोबर एक बदकही सापडलेलं. होम्स वॉटसनच्या हातात भिंग देतो आणि विचारतो, यावरून माणूस कसा असेल?

इथे वॉटसन काय करतो ते पाहा. तो टोपीचं वर्णन अचूक करतो. आतलं लाल रेशमी अस्तर विटलेलं, बनवणाऱ्याचं नाव नाही, एका बाजूला ‘एच. बी.’ अशी अक्षरं, वाऱ्याने उडू नये म्हणून दोरा ओवायला काठाला भोक पण दोरा गायब, जागोजागी डाग आणि काही डागांवर शाई फासलेली, धूळ भरपूर. एवढं पाहून तो म्हणतो, मला काही दिसत नाही. मूर्ख म्हणून त्याला हसू नका. माझ्या धंद्यात हे रोज घडतं. अक्षर न अक्षर डोळ्याखालून जातं, आणि चूक दिसत नाही.

आता होम्सचं बोलणं वाचण्याआधी पान झाका आणि वॉटसनच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ‘का?’ लिहा. शाई का फासली? डाग लपवायला. डाग लपवतो म्हणजे परिस्थिती खालावलीय पण अब्रूची चाड आहे. दोरा ओवायची सोय का? ती टोपीवर मिळत नाही, मुद्दाम करून घ्यावी लागते, म्हणजे माणूस पूर्वी पुढचा विचार करणारा. तुटलेला दोरा बदलला का नाही? म्हणजे आता तो तसा उरलेला नाही. धूळ कशी आहे? रस्त्यावरची करडी, खरखरीत नाही, घरातली तपकिरी, मऊ. म्हणजे टोपी बरेच दिवस घरात टांगलेली. कुणी ब्रशने झटकलीही नाही, यावरून होम्स म्हणतो की बायकोचं त्याच्यावरचं प्रेम आटलंय. आणि मेणबत्तीच्या चरबीचे पाच डाग. एखादा चुकून पडेल, पाच म्हणजे हा माणूस रोज रात्री एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात ओघळणारी मेणबत्ती घेऊन जिना चढतो. त्याच्या घरात गॅसचे दिवे नाहीत.

वाचून झालं की अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बायकोचं काही पटलं नाही. ब्रश न मारणारी बायको प्रेम करत नाही कशावरून? तुझ्या आईने माझी टोपी कधी झटकली?’ हे मला फार आवडलं. होम्सचा तर्क जिथे ढिला आहे तिथे असं अडवत वाचावं. आणखी एक ढिली जागा त्याच टोपीत आहे. टोपी मोठी, म्हणजे डोकं मोठं, म्हणजे अक्कल मोठी, असं होम्स ठामपणे सांगतो. त्या काळी हे पुष्कळांना पटायचं. आज शाळकरी पोरही हसेल. पण जिना, मेणबत्ती आणि चरबीचे डाग आजही जसेच्या तसे उभे राहतात. बुद्धीचा चमत्कार जुना झाला तरी त्या अंधाऱ्या जिन्यावरचा माणूस जुना होत नाही. मला विचाराल तर लोक या कथांकडे परत येतात ते त्याच्यासाठी.

पुढे याच कथेत कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात एक तिरसट बदकवाला भेटतो. माहिती द्यायला साफ नकार देतो. होम्स त्याच्या मिशा-कल्ल्यांची ठेवण आणि खिशातून डोकावणारं घोड्यांच्या शर्यतींचं पत्र पाहतो आणि ओळखतो, याला पैज लावली की झालं. एक सोन्याचं नाणं हरायचं आणि सगळी वही वाचून घ्यायची. शंभर पौंड समोर ठेवले असते तरी त्याने इतकं सांगितलं नसतं, असं होम्स नंतर वॉटसनला म्हणतो. हा भाग मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको.

अडणारे शब्द

शब्दकोश घेऊन बसू नका, चार-पाच गोष्टी कळल्या की काम भागतं. हॅन्सम म्हणजे दोन चाकांची, दोन माणसांची घोडागाडी, गाडीवान मागे उंचावर. त्यामुळे आत बसलेल्यांना खुशाल गुप्त बोलता येतं. चार चाकांची गाडी सामानासुमानाला. ब्रॅडशॉ म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. टपाल दिवसातून अनेक वेळा यायचं आणि तार तासाभरात पोचायची, म्हणून सकाळच्या पत्राला दुपारी उत्तर आलं तर लेखकाने ढिलाई केली असं समजू नका. बाकीचं गोष्ट स्वतःच सांगते.

चुका सापडतील, त्या जपून ठेवा

वॉटसनला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत गोळी लागली. कुठे? पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. नाव जॉन, पण एका कथेत बायको त्याला जेम्स म्हणते. ‘रेड-हेडेड लीग’मध्ये जाहिरात 27 एप्रिल 1890 च्या पेपरात, वॉटसन म्हणतो दोनच महिन्यांपूर्वीची, आणि दारावरच्या पाटीवर तारीख 9 ऑक्टोबर! आमच्याकडे हे प्रूफ आलं असतं तर समासात लाल प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं. डॉयल भरभर लिहीत आणि मागचं उलटून पाहत नसावेत.

गंमत अशी की या चुकांनीच वाचकांना कामाला लावलं. ऑक्सफर्डच्या रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 मध्ये होम्सकथांवर असा निबंध वाचला, जणू ते धर्मग्रंथच आहेत आणि विसंगतींचा अर्थ लावलाच पाहिजे. तेव्हापासून ‘होम्स खरा होता’ असं धरून चालणारा हा खेळ थांबलेला नाही. तुम्हीही एक वही ठेवा. माझ्या वहीत सध्या एकतीस नोंदी आहेत, त्यांतल्या सात अण्णांच्या. आणि हो, टोपीवरून आठवलं, ती प्रसिद्ध दोन बाजूंच्या झडपांची शिकारी टोपी तिच्या नावानिशी डॉयल यांच्या मजकुरात नाही, ती चित्रकार सिडनी पॅजेट यांनी चढवली. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे सबंध वाक्यही छप्पन्न कथांत आणि चार कादंबऱ्यांत कुठे सापडणार नाही. शोधत बसू नका, मी बसले होते.

हिंदुस्थान आला की

आपल्याला इथे थोडं थांबावं लागतं. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आग्र्याच्या किल्ल्यातल्या शिखांपैकी एकाचं नाव महोमेत सिंग! अंदमानच्या आदिवासीचं वर्णन तर वाचवत नाही. ‘स्पेकल्ड बँड’मधला डॉक्टर हिंदुस्थानातून चित्ता आणि बबून आणतो, आणि बबून हे आफ्रिकेकडचं माकड. भाची म्हणाली, हा भाग गाळून वाच ना. मी गाळत नाही. लंडनच्या शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला आपण कसे दिसत होतो, ते त्या पानांवर छापलेलं आहे. ते तसंच वाचावं, आणि रागही यावा.

मात्र मग विल्की कॉलिन्सचा ‘मूनस्टोन’ जरूर घ्या. 1868 चा, होम्सच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचा. पहिलंच दृश्य 1799 चं, श्रीरंगपट्टणच्या लुटीचं, आणि हिरा लांबवणारा, त्यासाठी रक्त सांडणारा माणूस इंग्रज अधिकारी आहे. पुढे इंग्लंडमधल्या वाड्यातून तोच हिरा चोरीला जातो आणि सगळे संशयाने पाहतात ते मागावर आलेल्या तीन ब्राह्मणांकडे. वाचताना मात्र एवढं ध्यानात ठेवा, मूळ चोर कोण ते लेखकाने पहिल्याच पानांत सांगून टाकलंय.

जाडजूड आहे, पण घाबरू नका. तोही हप्त्याहप्त्याने, साप्ताहिकात आला होता. दर हप्त्यात पुढची ओढ लागेल अशी जागा आहे, तिथे थांबा. गोष्ट अनेक जण आळीपाळीने सांगतात. म्हातारा कारभारी बेटरेज प्रत्येक संकटात ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून कौल घेतो. धर्मवेडी मिस क्लॅक दुसऱ्यांच्या घरात उशाखाली, सोफ्यावर बोधपर पत्रकं पेरत सुटते. तिचं प्रकरण वाचताना मला इतकं हसू आलं की अण्णांना दोनदा थांबून विचारावं लागलं, काय झालं?

एक जागा मुद्दाम पाहा. गुलाबांचं वेड असलेला सार्जंट कफ दारावरच्या ओल्या रंगाला लागलेल्या पुसट डागापाशी थांबतो. आधीच्या पोलीस अधिकाऱ्याने क्षुल्लक म्हणून सोडलेला डाग. मग कफ धोब्याची वही मागतो, सगळ्यांची कपड्यांची कपाटं पाहू म्हणतो. बघा कोण चिडतं. आज आपल्याला यात काही वाटत नाही, पण लंडनच्या पोलिसांचा गुप्तहेर विभागच मुळी 1842 चा, सुरुवातीला आठ माणसांचा. साध्या घरातला एक माणूस सरदाराच्या वाड्यात शिरून बायकांचे रात्रीचे कपडे मोजतो, हा त्या वाचकांना चोरीपेक्षा मोठा धक्का होता. 1860 मध्ये रोड गावच्या खऱ्या खुनात स्कॉटलंड यार्डच्या जॅक व्हिचर यांनी हरवलेल्या एका नाइटगाउनवरून घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला. लोकांनी त्यांना धारेवर धरलं. पाच वर्षांनी मुलीने गुन्हा कबूल केला. कॉलिन्सने हे सगळं मनात साठवलं होतं.

आता माझा जुना दुखरा अनुभव. मी ‘मूनस्टोन’ची प्रत घेतली आणि शहाण्यासारखी प्रस्तावना आधी वाचली. तिसऱ्या पानावर चोर कोण आणि चोरी कशी झाली, दोन्ही लिहिलेलं! तेव्हापासून प्रस्तावनेची पानं मी रबरबँड लावून बांधून ठेवते आणि शेवटी सोडते. संक्षिप्त आवृत्त्याही टाळा. त्या सर्वांत आधी अशिलाचं बोलणं कापतात, म्हणजे पेन्सिल कुठे चालवणार? डॉयल 1930 मध्ये गेले, त्यामुळे कथा हक्कमुक्त आहेत, पूर्ण मजकूर सहज मिळतो. पॅजेटच्या चित्रांसकट मिळाला तर फारच उत्तम.

डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’बद्दल एवढंच सांगते, इन्स्पेक्टर बकेट बाविसाव्या प्रकरणात येतो. तोवर धीर धरा. आम्ही सतराव्याला धीर सोडला होता.

शेवटची सूचना ‘फायनल प्रॉब्लेम’ विषयी. डिसेंबर 1893 मध्ये डॉयल यांनी होम्सला धबधब्यात ढकललं. मध्ये ‘बास्करव्हिल्स’ची कादंबरी आली, पण ती त्याआधीची हकिगत म्हणून. तो परतला 1903 मध्ये, म्हणजे वाचकांनी दहा वर्षं कळ काढली. तेव्हा ती कथा संपली की लगेच ‘एम्प्टी हाउस’ ही त्याच्या परतीची कथा उघडू नका, मध्ये मोकळी जागा सोडा. मी अण्णांना म्हटलं, आपण दहा आठवडे थांबू. नवव्या दिवशी जेवण झाल्यावर ते खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, ‘तो मेला नाहीये हे मला साठ वर्षांपासून ठाऊक आहे. पण वाचला कसा, ते आठवत नाही. काढ.’